छावणींतला विद्यार्थी

बार्शीहून एका वाचकभगिनीचें पत्र आलें आहे. घर मोठें, माणसें चौदा, तीन पिढ्या एका छपराखालीं. आणि धाकट्या दिरांचा मुलगा बारावीची परीक्षा देऊन बसला आहे व 'सैन्यांत जातों' म्हणतो. आजेसासूबाईंनीं अन्न टाकलें नाहीं एवढेंच. बाकी घरांत सुतक पडल्यासारखी अवस्था आहे. युद्धाचें भय कोणी उघड बोलून दाखवीत नाहीं. बोलून दाखवितात तें निराळेंच. "आपल्या घराण्यांत बी. ए. न झालेला मुलगा आजवर निपजला नाहीं. हा फौजेंत गेला कीं शिक्षण संपलें!" ह्यावर आमचें मत काय, असें त्या बाईंनीं विचारलें आहे.

मत देण्याचा आम्हांस अधिकार किती, हें आरंभींच सांगून टाकणें बरें. आम्ही मॅट्रिक झालेले. संस्कृत शिकलों तें वडिलांजवळ आणि पुढें एका वृद्ध शास्त्रीबुवांजवळ, कोणत्याही परीक्षेवांचून. त्या भांडवलावर चौतीस वर्षें प्राथमिक शाळेंत मास्तरकी केली. म्हणजे पदवीच्या बाबतींत आम्ही उंबरठ्याबाहेरचेच. तरी ह्या प्रश्नाशीं आमचा एक जुना हिशेब आहे, आणि तो मांडल्यावांचून उत्तर देणें अप्रामाणिकपणाचें होईल.

गुढीपाडव्याच्या चार दिवस आधीं, सकाळच्या गाडीनें, येडशीच्या स्टेशनावर एक हवालदार उतरला. आमचें गांव बाहेरच्यांस ठाऊक असतें तें रामलिंगाच्या देवळामुळें, तेथील दरीमुळें आणि यात्रेकरूंच्या हातांतला प्रसाद पळविणाऱ्या वानरांमुळें. जुन्या माणसांस बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी रुळांमुळें. ती लहान गाडी गेली, २००८ पर्यंत रूळ रुंद झाले, आणि आतां उत्तरेकडून निघालेला शिपाई एकदोन गाड्या बदलून दाराशीं येऊं शकतो. हा हवालदार आमच्या शेजारच्या घरचा, आमच्याच हाताखालीं चौथीपर्यंत शिकलेला. त्याच २००८ सालीं तो भरती झाला, तेव्हां एकोणीस वर्षांचा होता. घरीं न जातां त्यानें ट्रंक आमच्या ओसरीवर ठेवली, पाणी मागितलें, आणि कपडे काढावे तशीं ट्रंकेंतून पुस्तकें काढलीं.

"गुरुजी, दोन पेपर राहिले आहेत. जूनमध्यें आहेत. घरीं सांगण्याआधीं तुम्हांला सांगतों."

'घरीं सांगण्याआधीं' ह्या शब्दांचा अर्थ आमच्याइतका दुसऱ्या कोणास कळला नसता.

हा मुलगा फौजेंत गेला तेव्हां पदवीचा विचार त्याच्या मनांत नव्हता. शिक्षणकेंद्रांतली नवलाई संपली, पहिल्या बदल्या झाल्या, आणि कोठल्याशा ठाण्यावर एका सुभेदारसाहेबांनीं त्यास घरीं पत्र लिहितांना पाहिलें. अक्षर बरें पाहून त्यांनीं त्यास कंपनीच्या कचेरींत मदतीस बसविलें. तेथें त्यास उमगलें कीं आपणांस शिकविण्याची गोडी आहे. नव्या पोरांस नकाशा वाचावयास, अर्ज लिहावयास तोच शिकवी. पेन्शन घेऊन गांवीं आलों कीं शाळामास्तर व्हावयाचें, हें त्यानें तेव्हांच ठरविलें. (आम्हांस हें ऐकून जें वाटलें तें लिहीत नाहीं.) माध्यमिक शाळेंत मास्तर व्हावयाचें तर बी. एड्. पाहिजे, आणि बी. एड्. ला आधीं पदवी पाहिजे. २०१३ च्या जानेवारींत त्यानें एका मुक्त विद्यापीठांत नांव घातलें. अभ्यासक्रम तीन वर्षांचा; परंतु सहा वर्षांच्या आंत केव्हांही पुरा केला तरी चालेल, अशी सवड होती. कोणासही वाटावें, सहा वर्षें म्हणजे पुष्कळ झालीं.

पुष्कळ होत नाहींत. जवानास वर्षाकाठीं साठ दिवसांची वार्षिक रजा व तीस दिवसांची किरकोळ रजा असते हें खरें. पण रजा हा त्याचा हक्क नव्हे, सरकारच्या सोयीनें मिळणारी सवलत आहे. कंपनींतून एका वेळीं अमुक इतकींच माणसें बाहेर जाऊं शकतात. परीक्षा वर्षांतून दोनदां, जूनमध्यें व डिसेंबरांत. जूनमध्यें आमच्याकडच्या प्रत्येक शिपायास घरीं यावयाचें असतें, कारण मृगाचा पाऊस पडला कीं पेरणी. "गुरुजी, मी परीक्षेला निघालों म्हणजे कुणाची तरी पेरणी माझ्यामुळें मजुरांच्या हवालीं जाते," असें तो म्हणाला. एकदां असें झालें कीं रजा मिळाली, गाडी धरली, आणि वाटेंतच परत बोलावणें आलें. एकदां बर्फाच्या ठाण्यावर असतांना स्वाध्याय लिहावयाचे होते. पेनांतली शाई गोठे, तेव्हां पेन अंगावरच्या कपड्यांत ऊब देऊन ठेवावयाचें, चार ओळी लिहावयाच्या आणि पुन्हां आंत ठेवावयाचें. शेवटीं त्यानें सारें पेन्सिलीनें लिहून काढलें व खालीं उतरल्यावर शाईनें उतरविलें. पुस्तकांची टपालपिशवी ह्या ठाण्याहून त्या ठाण्यास पलटणीच्या मागें मागें हिंडे. हें सर्व त्यानें तक्रारीच्या सुरांत सांगितलें नाहीं. कचेरींतला मनुष्य आवकजावक सांगतो तसें सांगितलें.

तरीहि २०१८ च्या जूनपर्यंत त्याचा एकच पेपर उरला होता. इतिहासाचा.

आतां आमचा हिशेब. शके १९४० त, म्हणजे त्याच वर्षीं, ज्येष्ठ अधिक होता. १६ मे पासून १३ जूनपर्यंत अधिकमास. त्यांत लग्नें नाहींत. म्हणून त्या वर्षीं साऱ्या मंडळींची घाई निज ज्येष्ठावर येऊन पडली. ह्या मुलाच्या बहिणीचें लग्न जमलें होतें. त्याचे वडील, ज्यांस आळींत सगळे अण्णा म्हणतात, पंचांग घेऊन आमच्याकडे आले. गांवांत भटजी आहेत. पण जवळच्या घरांतले मुहूर्त आम्हीं पाहून द्यावे असा प्रघात पडला आहे. वधूवरांस जुळणारे तीन दिवस निघाले. त्यांतला मधला आम्हीं सुचविला. कारण काय, तर आंबेजोगाईचे पाहुणे रविवारीं परत जाऊं शकतील. रात्रीं पलटणींतून त्याचा फोन आला. इतिहासाचा पेपर नेमका त्याच दिवशीं, परीक्षेचें केंद्र दुसऱ्या जिल्ह्यांत. पांच दिवसांनीं दुसरा मुहूर्त आहे, असें अण्णांनीं त्यास सांगितलें होतें. तो धरतां येईल का, एवढेंच तो विचारीत होता.

आम्हीं त्यास सांगितलें, "अरे, परीक्षा पुन्हां येते; मुहूर्त पुन्हां येत नाहीं."

तो "बरें, गुरुजी" म्हणाला. लग्नांत त्यानें पाण्याच्या टाक्या वाहिल्या, पंगती वाढल्या, आणि आठव्या दिवशीं परत गेला. डिसेंबरांत परीक्षा पुन्हां आली. तेव्हां तो अशा उंचीवर होता कीं तेथून खालीं येण्याची गोष्टच नको. ती सहाव्या वर्षाची शेवटची परीक्षा होती. मुदत संपली. तिला मुदत असते हें आम्हांस ठाऊक नव्हतें, आणि विचारावें हेंहि सुचलें नव्हतें.

ह्या वाक्याचा आम्हीं पुढें पुष्कळ विचार केला. शेजारचाच दुसरा मुलगा डॉक्टरकीच्या शेवटच्या परीक्षेस बसावयाचा असता तर आम्हीं असेंच बोललों असतों काय? मुळींच नाहीं. पंचांगाचीं पानें उलटून दुसरा मुहूर्त काढला असता आणि अण्णांनाहि तो पटवून दिला असता. शिपायाचा अभ्यास मात्र आम्हांस हौस वाटली. पोट भरण्याची सोय झालेला मनुष्य फावल्या वेळीं कांहीं वाचतो, बरें आहे. परंतु त्यासाठीं पाहुण्यांची गैरसोय कोणी करावी? आणखी एक गोष्ट आहे, ती कबूल करतों. तरुणपणीं आम्हींहि एकदां बहिःस्थ बी. ए. चा अर्ज भरला होता. घरांत एक कार्य निघालें, आणि चुलत्यांनीं आम्हांस शब्दशः हेंच वाक्य ऐकविलें. आम्ही बसलों नाहीं, पुढें कधींच बसलों नाहीं. आणि छत्तीस-सदतीस वर्षांनीं तेंच वाक्य जसेंच्या तसें त्या पोराच्या ओंजळींत टाकलें. अंधपरंपरान्याय म्हणतात तो हाच.

फौज आणि विद्या ह्यांचें जमत नाहीं, ही समजूत आमच्या वर्गांत पक्की आहे. ती कोठून आली हें कळत नाहीं, कारण आमच्याच भाषेचा इतिहास तिच्या उलट आहे. १८३१ त निघालेला मराठीचा मोठा कोश ज्यानें रचला तो मोल्सवर्थ व त्यास साह्य करणारे कँडी बंधु हे मूळचे मुंबईच्या सैन्यांतले अधिकारी. कर्नल जी. ए. जेकब ह्यांचें नांव तर संस्कृत शिकणाऱ्यांस परिचयाचें आहे. उपनिषदांतला कोणता शब्द कोठें आला आहे हें दाखविणारा त्यांचा 'उपनिषद्वाक्यकोश' १८९१ त मुंबईस निघाला. शास्त्रग्रंथांतून वापरलेल्या लौकिक न्यायांचा 'लौकिकन्यायाञ्जलि' हा त्यांचा संग्रह निर्णयसागर छापखान्यानें काढला. हे गृहस्थ मुंबई स्टाफ कोअरमधले, आणि कांहीं काळ लष्करी शाळांचे तपासनीस होते. आमच्या शास्त्रीबुवांजवळ त्या न्यायसंग्रहाची जीर्ण प्रत होती. 'कर्नल' हें ग्रंथकाराचें पाळण्यांतलें नांव असावें, अशी आमची पुष्कळ दिवस समजूत होती, शास्त्रीबुवांचीहि असावी.

त्या लष्करी शाळांची गोष्ट तर आमच्या दाराशींच येऊन पोंचते. येडशीजवळच्या कसबे तडवळें गांवीं १९४१ च्या फेब्रुवारींत महार-मांग वतनदारांची परिषद भरली होती आणि तीस डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. कोलंबिया व लंडन येथील पदव्या मिळविणाऱ्या ह्या पुरुषाचे वडील, रामजी सकपाळ, सैन्यांत सुभेदार होते. पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कुलांत शिकून ते लष्करी शाळेंत शिक्षक झाले, पुढें मुख्याध्यापक झाले. १८९१ त बाबासाहेबांचा जन्म झाला तोहि महूच्या छावणींत. गांवच्या शाळेचें दार ज्यांस बंद होतें, आणि तें बंद ठेवणाऱ्यांत आमच्यासारख्या घरांचा हात होता हें लपविण्यांत अर्थ नाहीं, त्यांच्या हातीं पाटीपुस्तक दिलें तें पलटणीनें. १८९२ त महारांची भरती थांबली तेव्हां नुसती नोकरी गेली नाहीं. एक शाळाहि गेली. हें लक्षांत घेतलें म्हणजे 'फौजेंत गेला कीं शिक्षण संपलें' हें वाक्य कोणाच्या तोंडीं शोभतें व कोणाच्या नाहीं, तें ध्यानांत येतें.

कोणी म्हणेल, जुन्या गोष्टी पुरे. आजच्या शिपायास वाट कोणती? वाटा आहेत, पण त्या सांगणारा भेटावा लागतो. १९२९ त बुंदेलखंडांतील नौगांव येथें किचनर कॉलेज निघालें, तें हुशार शिपायांस वरच्या हुद्द्यासाठीं तयार करण्याकरितां. तीच संस्था १९६० त पुण्यास आर्मी कॅडेट कॉलेज ह्या नांवानें सुरू झाली व १९७७ त डेहराडूनच्या लष्करी अकादमीस जोडली गेली. बारावी झालेला, निदान दोन वर्षें सेवा केलेला, वीस ते सत्तावीस वर्षांचा जवान निवडीस उतरला तर तेथें तीन वर्षें कॉलेजांत शिकतो, जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी घेतो, आणि आणखी एक वर्षाच्या शिक्षणानंतर अधिकारी होऊन बाहेर पडतो. सतरा वर्षें हें कॉलेज पुण्यास होतें, आणि आमच्या जिल्ह्यांतील किती घरांनीं त्याचें नांव ऐकलें असेल? आमच्या हवालदारास तें कळलें तेव्हां तो अठ्ठावीस वर्षांचा होता.

अधिकाऱ्यांची गोष्ट सोपी आहे, असें म्हणतां येणार नाहीं. पण त्यांस रस्ता आंखलेला असतो. पुण्याचे जनरल मनोज नरवणे २०१९ च्या अखेरीस सरसेनापति झाले. त्यांची संरक्षणशास्त्रांतली एम्. एस्सी. मद्रास विद्यापीठाची, आणि एम्. फिल्. इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाची. लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर ह्या पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयांतून डॉक्टर झाल्या, सेवेंत राहूनच बालरोगशास्त्रांत एम्. डी. झाल्या, आणि २०२१ त नाशिकच्या आरोग्यविज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरु झाल्या. अधिकाऱ्यास अभ्यासासाठीं रजा मिळण्याचा नियमच आहे. शिपायाचा अभ्यास त्याच्या नेहमींच्या रजेंतून, म्हणजे घरच्यांच्या वांट्याच्या दिवसांतून कापून काढावा लागतो. खरी अडचण येथें आहे. बुद्धीची नाहीं, फीचीहि विशेष नाहीं, दिवसांची आहे.

पाश्चात्त्यांनीं ही अडचण ओळखून पुस्तकांबरोबर मास्तरहि शिपायाकडे नेला. पहिल्या महायुद्धांत कॅनडाच्या सैन्यानें १९१७ त इंग्लंडांतील आपल्या छावण्यांत 'खाकी विद्यापीठ' काढलें. हेन्री मार्शल टोरी हे अल्बर्टा विद्यापीठाचे अध्यक्ष तें चालवावयास समुद्र ओलांडून गेले. १९४९ त अमेरिकेच्या मेरीलँड विद्यापीठानें सात प्राध्यापक जर्मनींतल्या आपल्या फौजेंत शिकवावयास पाठविले. आमच्याकडे १९८५ त इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ व १९८९ त नाशिकचें यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघाल्यापासून पुस्तक छावणींत जाऊं लागलें, ही केवढी सोय झाली! पण पेपराच्या दिवशीं मनुष्यास केंद्रावर स्वतःच्या पायांनीं जावें लागतें, आणि तेवढा एक दिवस कोणी पाठवून देऊं शकत नाहीं.

हवालदार घरीं गेला, आणि अपेक्षेप्रमाणें अण्णांशीं त्याची बोलाचाली झाली. संध्याकाळीं दोघेहि आमच्या ओसरीवर. अण्णांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. १९८६ पासून केंद्र सरकारचा एक हुकूम आहे. मॅट्रिक झालेला सैनिक पंधरा वर्षें किंवा अधिक सेवा करून बाहेर पडला, तर ज्या 'क' वर्गाच्या जागांना पदवी लागते पण तांत्रिक ज्ञान लागत नाहीं, त्या जागांसाठीं त्यास पदवीधराप्रमाणें पात्र धरावें. बँकेंत, कचेरींत पुष्कळ माजी सैनिक ह्या दाखल्यावर लागले आहेत. "ह्याचीं अठरा वर्षें झालीं. सरकार ह्याला पदवीधर समजतें, मग हा कशाला पुस्तकें वाहतो?" असा अण्णांचा सवाल.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अण्णा, त्या दाखल्यावर मला कारकून होतां येईल. मास्तर होतां येणार नाहीं. बी. एड्. वाले दाखला घेत नाहींत, पदवी मागतात."

हुकूम उदार आहे, आणि ज्यांच्यासाठीं काढला त्यांच्या फार उपयोगी पडला आहे, ह्यांत शंका नाहीं. परंतु 'समजणें' आणि 'असणें' ह्यांत व्याकरणानें जें अंतर आहे तें सरकारी कागदानें मिटत नाहीं. तो दाखला नोकरीच्या दारापुरता. विद्यापीठाच्या दाराशीं त्याचें कांहीं चालत नाहीं. त्यावर एम्. ए. त प्रवेश नाहीं, बी. एड्. ला नाहीं. आम्हीं हें अण्णांना समजावून सांगितलें. सांगतांना आमचा आवाज चढला असावा, कारण माजघरांतून आजी बाहेर आल्या.

२०२० त त्यानें पुन्हां नांव घातलें होतें. जुने कांहीं पेपर धरले गेले, कांहीं धरले गेले नाहींत. पुन्हां सहा वर्षांची मुदत सुरू झाली, आणि पहिलेंच वर्ष साथीच्या धामधुमींत गेलें. बाकीचें त्यानें पुरें केलें. इंग्रजी व इतिहास एवढे दोन राहिले आहेत, आणि सहावें वर्ष ह्या जूनमध्यें संपतें.

आतां त्या बार्शीच्या बाईंस. मुलगा बारावी झाला आहे, तेव्हां साडेसोळा ते साडेएकोणीस ह्या वयांत बसत असेल तर त्यानें आधीं खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा द्यावी. तेथें पदवी मागें राहण्याचा प्रश्नच नाहीं; तीन वर्षांच्या शेवटीं जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. घरांत आणखी लहान मुलें असतील तर दहावीनंतर छत्रपति संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्थेंत, जी राज्य सरकारनें १९७७ त काढली, दोन वर्षें तयारी करतां येते. मुलींनाहि २०२२ पासून खडकवासल्याचें दार उघडें झालें असून त्यांची पहिली तुकडी २०२५ च्या मे महिन्यांत पदवी घेऊन बाहेर पडली. हें आजेसासूबाईंच्या कानावर हळूच घालावें.

तो अग्निवीर म्हणून जाणार असेल, तर गोष्ट अधिक जपण्याची आहे. २०२२ पासूनच्या ह्या योजनेंत चार वर्षांची नोकरी. शेंकडा पंचवीसांपर्यंत पुढें कायम होतात, बाकीचे बाविशी-पंचविशींत घरीं येतात. त्यांस पंधरा वर्षांचा तो दाखला कोठून मिळणार? त्यांच्यासाठीं इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठानें तीन वर्षांचा पदवीचा अभ्यासक्रम आंखला आहे. निम्मे गुणांक सैन्यांतल्या शिक्षणाबद्दल धरतात, निम्मे विषयांच्या अभ्यासानें मिळवावयाचे. पहिल्या तुकड्यांचीं चार वर्षें ह्या वर्षाच्या अखेरीपासून भरूं लागतील. मुलगा गेला तर त्यानें पहिल्याच वर्षीं नांव घालावें. 'आधीं रुळूं द्या' म्हणण्यांत वर्ष जातें आणि चारांतलें एक वर्ष म्हणजे पाव आयुष्य.

पण बाई, मुलापेक्षां घरास अधिक सांगावयाचें आहे. चौदा माणसांच्या घरांत एकानें, शक्य तर सासुरवाशिणींपैकीं कोणी, कारण त्या कागद नीट ठेवतात, ह्या मुलाच्या अभ्यासाची कारकुनी अंगावर घ्यावी. अर्जाची नक्कल, फीची पावती, नांवनोंदणीचा क्रमांक, मुदत कोणत्या महिन्यांत संपते ती तारीख. हें सारें एका वहींत असावें. स्वाध्यायाची तारीख जवळ आली कीं फोनवर, जेवलास का, ह्याच्या आधीं ती विचारावी. तो रजेवर येईल तेव्हां त्याच्या रजेचे दिवस घरच्या कामांनीं आधींच भरून ठेवूं नयेत. घराला रंग, मावशींकडे जाऊन येणें, मुली पाहणें, शेताची मोजणी, देवाला जाणें. तो येणार म्हणून ही सारीं कामें राखून ठेवलेलीं असतात, आणि तो नाहीं म्हणत नाहीं, कारण वर्षांतून एकदां आलेला मनुष्य नाहीं कोणत्या तोंडानें म्हणेल?

ह्या वर्षीं, शके १९४८ त, पुन्हां अधिक ज्येष्ठच आला आहे. १७ मे पासून १५ जूनपर्यंत. अण्णांच्या पुतण्याचें लग्न ठरलें आहे आणि त्याच निज ज्येष्ठांत तें व्हावयाचें आहे. त्या संध्याकाळीं आजी बाहेर आल्या त्या पंचांग घेऊनच. "गुरुजी, पाहा आतां," म्हणाल्या. आम्हीं तें बाजूस ठेवलें आणि हवालदाराजवळ परीक्षेचें वेळापत्रक मागितलें. त्यानें तें ट्रंकेच्या झांकणांत चिकटवून ठेवलें होतें. ट्रंकच पुढें ओढली. वेळापत्रक एका हाताशीं, पंचांग दुसऱ्या हाताशीं, असे आम्ही तासभर बसलों. लोहाराकडे सुईचें व कढईचें काम एकदम आलें तर त्यानें सुई आधीं करून द्यावी, म्हणून सूचीकटाहन्याय आहे, कर्नल जेकबांच्या संग्रहांत तोहि सांपडतो. पेपर दोन सकाळचे. लग्नाला चार दिवस पाहिजेत. पेपरांच्या मागून येणारा एक मुहूर्त निघाला. अण्णा म्हणाले, पाऊस लागेल, मांडव भिजेल. आजी म्हणाल्या, "भिजूं दे. मागच्या खेपेस कोरडा राहिला, त्यानं काय झालं?" आठ वर्षांपूर्वींचें सगळें त्यांस ठाऊक होतें, आणि इतक्या वर्षांत त्या आमच्याशीं त्याविषयीं एक शब्दहि बोलल्या नव्हत्या.

मुलीकडच्यांचा होकार मागल्या सोमवारीं आला. हवालदार त्याआधींच परत गेला होता. जूनची रजा मंजूर होईल असें त्याचे वरिष्ठ म्हणतात. कागद हातीं आल्यावर खरें. जातांना इतिहासाचें एक पुस्तक त्यानें ओसरीच्या कोनाड्यांत विसरलें, तें आम्हीं काल टपालानें पाठविलें. पोस्टांतली नवी मुलगी पत्ता वाचून थांबली. ह्यांत गांवाचें नांव नाहीं, म्हणाली. नसतेंच, असें आम्हीं तिला सांगितलें. क्रमांक, हुद्दा, नांव, पलटण, आणि खालीं 'मार्फत ५६ ए. पी. ओ.' एवढ्यावर तें जेथें असेल तेथें जातें. तिनें पुडकें तोललें, तिकिटें लावलीं आणि पावती दिली. पावती वहींत ठेवली आहे.